मुंगूस पिशवीतच राहतं

आमच्या गावी बुधवारी आठवडे बाजार भरायचा. भाजीच्या ओळी संपल्या की एसटी स्टँडच्या भिंतीला लागून एक माणूस चादर पसरून बसायचा. चादरीवर वेताच्या दोन टोपल्या, मलमाच्या बारीक डब्या आणि सुतळीने तोंड बांधलेली एक मळकी पिशवी. पिशवीतून मुंगसाचं नाक तेवढं बाहेर डोकवायचं. ‘‘दहा मिनिटांत साप-मुंगसाची लढाई लावतो,’’ असं तो ओरडला की आम्ही पोरं पहिल्या रांगेत. मग तो मोठ्यांकडे वळायचा. ‘‘हाताची घडी सोडा, मुठी उघडा. घडी घातली की विद्या चालत नाही.’’ पन्नास माणसं निमूटपणे हात मोकळे सोडायची. पुढचा अर्धा तास सांधेदुखी, खरूज आणि दातांतली कीड यांवर जायचा. पहिल्या पाच जणांना डबी फुकट. सहाव्यापासून दोन रुपये. एसटीचा हॉर्न वाजला की गर्दी पांगायची. लढाई काही व्हायची नाही.

पुढे चाळीस वर्षांनी मोबाईलवर एक वेबिनार बघत होतो. वक्ता म्हणाला, ‘‘शेवटच्या दहा मिनिटांत मी माझं सिक्रेट सांगणार आहे, कोणी उठू नका. आणि तयार असाल तर चॅटमध्ये ‘येस’ लिहा.’’ मला एकदम ते नाक दिसलं.

रविवार, सकाळी अकरा

त्या वेबिनारला मी परीक्षण करायला गेलो होतो, असं आज म्हणणं सोपं आहे. खरं तर शिकायलाच गेलो होतो. पुस्तकं लिहिणाऱ्याला हल्ली ती विकावीही लागतात, आणि ऑनलाइन विक्रीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जाहिरातीत ४,९९९ रुपयांवर काट मारून ९९ रुपये लिहिलं होतं. वडापावच्या चार-पाच प्लेटांचे पैसे, म्हणून भरले.

तीन तासांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. पहिली ४० मिनिटं वक्त्याची कहाणी: गरिबी, कर्ज, नातेवाइकांनी केलेला अपमान, मग एका गुरूची भेट आणि दारात उभी राहिलेली गाडी. पुढचा तासभर ‘माइंडसेट’. त्यानंतर सुमारे ३५ मिनिटं प्रत्यक्ष विषय, तोही मथळ्यांपुरता. उरलेला सगळा वेळ विक्री. मूळ किंमत म्हणे दीड लाख, सोबतच्या ‘बोनस’ची किंमत आणखी ७० हजार, आणि आजच्या दिवशी, फक्त तुमच्यासाठी, ४९,९९९. पडद्याच्या कोपऱ्यात १५ मिनिटांचं घड्याळ उलटं धावत होतं. खाली चॅटमध्ये ‘पेमेंट डन’, ‘जॉइन केलं सर’ अशा ओळींचा पाऊस पडत होता.

माझं नेट मध्येच गेलं. पान पुन्हा उघडलं तर घड्याळही पुन्हा १५ मिनिटांवर. तेव्हा पाल चुकचुकली. पुढच्या रविवारी बायकोच्या नंबरवरून ९९ रुपये भरून मी पुन्हा बसलो. ४१व्या मिनिटाला वक्ता खोकला, पाण्याची बाटली उघडली आणि म्हणाला, ‘‘सॉरी मित्रांनो, कालपासून घसा बसलाय.’’ मागच्या रविवारीही त्याच मिनिटाला त्याचा घसा कालपासूनच बसलेला होता. बार्शीच्या एका गृहस्थांनी याही आठवड्यात ‘पेमेंट डन’ लिहिलं. ‘लाइव्ह’ म्हणून दाखवलेला हा कार्यक्रम चित्रफीत होती आणि चॅटही त्या चित्रफितीचाच भाग होता. अशी सोय देणारी सॉफ्टवेअर बाजारात उघड विकली जातात.

९९ रुपयांचं गणितही मग उलगडलं. उदाहरणादाखल धरा, हजार जणांनी ते भरले. ही ९९ हजारांची रक्कम जाहिरातीच्या खर्चाला लागते. या ९९ रुपयांचं खरं काम गाळणीचं: अनोळखी माणसाला मोबाईलवरून पैसे पाठवायला जो कचरत नाही, त्याला ती वेगळं काढते. त्या हजारांतल्या दहाच जणांनी ४९,९९९ भरले तरी पाच लाख होतात. या धंद्यात याला ‘फनेल’ म्हणतात, म्हणजे रॉकेल ओतायचं आपलं नरसाळं. त्या रविवारी मला नरसाळं बनवायला कोणी शिकवलं नाही. पण मी त्याच्या आत बसलो होतो, आणि आतून ते फार स्वच्छ दिसतं.

पुढच्या दोन वर्षांत मी असे नऊ वेबिनार आणि सभागृहातले दोन मोठे कार्यक्रम पाहिले. एकदा फसलोही. १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी असे ११,८०० रुपये देऊन एक पीडीएफ आणि व्हॉट्सॲपचा एक ग्रुप पदरात पडला. तरी एकूण सौदा महाग पडला असं वाटत नाही. या कार्यक्रमांत जे शिकवलं जातं त्यापेक्षा जे केलं जातं, ते शिकण्यासारखं असतं. जादूगाराचं तोंड ऐकायचं नसतं, त्याचे हात बघायचे असतात.

हात काय करत होते

चॅटमध्ये ‘येस’ लिहिण्यापासून सुरुवात करू. १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का, असं त्यांच्या माणसांनी घरोघरी विचारलं. थेट विचारलं तिथे १७ टक्के लोक हो म्हणाले. पण काही घरांना दोन आठवडे आधी दुसऱ्याच माणसाने सुरक्षित ड्रायव्हिंगची एक चिमुकली पाटी लावायला दिली होती. त्या घरांपैकी ७६ टक्क्यांनी मोठ्या फलकालाही होकार दिला. लहान ‘हो’ म्हणून झालं की मोठं ‘नाही’ म्हणायला जीभ उचलत नाही. ‘येस’, ९९ रुपये, ‘कोणत्या गावाहून आलात ते लिहा’, ‘कॅमेऱ्यासमोर हात वर करा’, या सगळ्या त्या चिमुकल्या पाट्या. आमच्या बाजारातल्या माणसाने मानसशास्त्र वाचलं नव्हतं, पण हाताची घडी सोडायला लावण्यात हेच होतं. सांगितलं म्हणून ज्याने हात सोडला, तो माणूस तोच हात खिशाकडेही न्यायला अर्धा तयार झाला.

घड्याळ आणि ‘शेवटच्या १२ जागा’ यांचं मर्म १९७५ च्या एका प्रयोगात सापडतं. स्टीफन वर्चेल आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना दहा बिस्किटं असलेल्या बरणीतून, तर काहींना दोनच उरलेल्या बरणीतून बिस्किट खायला दिलं. बिस्किट एकच. पण जवळपास रिकाम्या बरणीतलं अधिक हवंसं वाटलं, आणि दहाची बरणी डोळ्यांदेखत उचलून दोनची ठेवली तेव्हा ते आणखी हवंसं झालं. जागा ‘४०, ३१, १२’ अशा उतरत का दाखवतात, हे यावरून कळावं. मात्र त्या बरणीत बिस्किटं खरोखर दोनच उरली होती. चित्रफितीच्या कोर्सला जागा संपायचं कारणच काय?

‘पेमेंट डन’चा पाऊस म्हणजे सॉलोमन ॲश यांचा १९५१ चा प्रयोग. त्यात कोणती रेघ किती लांब ते उघड दिसत होतं. खोलीतल्या इतरांनी, जे आधीच सामील होते, एकमुखाने चुकीचं उत्तर दिलं की सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी स्वतःचे डोळे सोडून गर्दीचं ऐकलं. आणि फुकट बोनस? डेनिस रीगन यांच्या १९७१ च्या प्रयोगात न मागता कोका-कोलाची बाटली आणून देणाऱ्याने नंतर लॉटरीची तिकिटं विकायला काढली, तर लोकांनी त्याच्याकडून जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. कोणाचं खाल्लं की तोंड उघडत नाही, ही आपल्याकडची जुनी समज.

रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये ‘इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात या कळा एकत्र मांडल्या. गंमत अशी की पुस्तक लिहिण्याआधी ते स्वतः मोटारी विकणाऱ्यांच्या आणि देणग्या गोळा करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकाऊ म्हणून जाऊन बसले होते. गिऱ्हाइकांनी सावध व्हावं म्हणून त्यांनी लिहिलं. पण मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक वक्त्यांच्या मागच्या फडताळात तेच पुस्तक होतं.

निखारे आणि टाळ्या

सभागृहातला कार्यक्रम वेबिनारहून वेगळा असतो. तिथे चित्रफीत नसते, माणसं असतात. सकाळी आठला ढोलाच्या ठेक्यावर दोनेक हजार लोक नाचत असतात. शेजारच्या अनोळख्याला मिठी मारा, म्हणतात. दुपारी दिवे मंद करून आईवडिलांच्या आठवणी काढायला लावतात आणि माझ्या डावीकडचा पन्नाशीचा कंत्राटदार हमसून रडतो. ते रडणं खोटं नव्हतं. माझेही डोळे भरले होते.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अवस्थेवर लिहिलं आहे. माणसं एका जागी, एका तालात आली की एक उमाळा तयार होतो, आणि तो आपल्याबाहेरच्या कुठल्यातरी शक्तीतून आला असं प्रत्येकाला वाटतं. वारीत चाललेल्याला हे सांगावं लागत नाही. फरक इतकाच की वारीत त्या उमाळ्याचं श्रेय विठ्ठलाला जातं आणि सभागृहात माइक हातात असलेल्याला. आणि उमाळा शिगेला पोहोचला की मागच्या टेबलांवर कार्ड स्वाइप करायची यंत्रं मांडली जातात. रडून हलक्या झालेल्या माणसाला हप्त्याचे आकडे जड वाटत नाहीत.

या कार्यक्रमांचा कळस म्हणजे निखाऱ्यांवरून चालणं. अमेरिकी वक्ते टोनी रॉबिन्स यांच्या शिबिरांमुळे ते जगभर गाजलं. मनाचा निर्धार झाला की आग भाजत नाही, असा एकूण सूर. पण कारण मनात नसून कोळशात आहे. लाकडी कोळसा उष्णतेचा मंद वाहक. त्यावर राखेचा थर, आणि पाऊल टेकतं अर्धा सेकंद. चुलीतला निखारा चिमटीत धरून झटकन पुन्हा आत टाकणारी आजी कुठल्याही शिबिराला गेलेली नसते. तितक्याच तापलेल्या लोखंडी तव्यावर मात्र निर्धार चालणार नाही. पाऊल रेंगाळलं तर निखाराही भाजतोच. २०१६ च्या जूनमध्ये डॅलसमधल्या रॉबिन्स यांच्या कार्यक्रमात सुमारे ३० जणांचे पाय भाजले.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत तिचे भक्त, म्हणजे धोंड, व्रत करून होमकुंडातून जातात. ती त्यांची श्रद्धा आणि तो त्यांचा गाव. तिकडे निखाऱ्यांच्या पलीकडे कोणी पुढच्या कोर्सचा फॉर्म घेऊन उभं नसतं. आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते निखाऱ्यांवरून चालून दाखवतात, तेव्हा यात चमत्कार नाही हेही लगेच सांगतात. शिबिरात हे दुसरं वाक्य गाळलेलं असतं.

घंटा कोणी बांधली?

प्रत्येक कार्यक्रमात यशस्वी शिष्य मंचावर येतात. नोकरी सोडली, सहा महिन्यांत इतके लाख, आईला सोन्याच्या पाटल्या. हे सगळं खरंच असेल असं धरून चालू. नवस फळला की लोक देवळात घंटा बांधतात. ज्याचा फळला नाही, त्याची घंटा कुठे असते? छताला लटकलेल्या घंटा मोजून नवसाचा हिशेब लागत नाही. त्यासाठी नवस बोललेले सगळे मोजावे लागतात.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: ‘‘आतापर्यंत किती जणांनी पैसे भरले आणि त्यांतल्या किती जणांचे वसूल झाले?’’ मी तो चार वेळा विचारला. दोनदा चॅटमधून मला काढून टाकलं, एकदा ‘निगेटिव्ह माइंडसेट’ असं उत्तर आलं, एकदा आलंच नाही.

एका क्षेत्रात मात्र सगळे नवस मोजले गेले आहेत. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचे वर्ग घेणाऱ्यांचे वेबिनार आपल्याकडे उदंड आहेत. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. मंचावर येतो तो उरलेल्या सात टक्क्यांतला, किंवा तसं सांगणारा.

दुसरा प्रश्न: शिकवणाऱ्याचं उत्पन्न शिकवलेल्या धंद्यातून येतं की शिकवण्यातून? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ च्या जूनमध्ये ‘मोबे’ नावाच्या कंपनीविरुद्ध कारवाई केली. ऑनलाइन धंद्याची ‘२१ पायऱ्यांची’ पद्धत शिकवतो, असं ती सांगायची. प्रवेश स्वस्त, पण वरच्या पायऱ्यांचं शुल्क हजारो डॉलर. आयोगाच्या म्हणण्यानुसार कंपनीने ग्राहकांकडून १२.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली होती. आणि शिकवलेला धंदा कोणता? हीच सदस्यता आणखी लोकांना विकायची आणि कमिशन घ्यायचं. पोहायला शिकवतो म्हणून नेलं आणि पाण्याऐवजी तिकीटखिडकीवर बसवलं, असा प्रकार.

१९१२चा वर्ग

मग बोलण्याची किंवा विक्रीची कला शिकवताच येत नाही का? येते, आणि ती कशी येते हे या धंद्याच्या आद्य पुरुषाकडेच बघावं. १९१२ मध्ये डेल कार्नेगी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या वायएमसीएत वक्तृत्वाचा वर्ग घेऊ लागले. रात्रीचे दोन डॉलर मागितले, तेवढेही संस्थेला जास्त वाटले. ठरलं ते नफ्यातला वाटा. पहिल्याच वर्गात त्यांचं सांगायचं संपलं आणि वेळ उरला. घाबरून त्यांनी एकेकाला उभं केलं: तुम्हाला कशाचा राग येतो, बोला. माणसं बोलू लागली, आणि रागाच्या भरात भीती विसरली. त्या अडचणीतून कार्नेगींची पद्धत जन्मली. शिकवणाऱ्याने कमी बोलायचं, शिकणाऱ्याने उभं राहायचं.

हा निकष मी तेव्हापासून सगळीकडे लावतो. कार्यक्रमात माझ्या हातून काय घडलं? जाहिरातीचा मजकूर मी लिहिला आणि कोणी तो खोडून दिला, तर ते शिक्षण. तीन तास ऐकून ‘येस’ लिहिलं, तर ते प्रेक्षक होणं. प्रेक्षक होण्यातही गैर काही नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत लोक दीडशे वर्षं ऐकायलाच जातात. पण तिथून येताना चपला तेवढ्या शोधाव्या लागतात, क्रेडिट कार्ड नाही.

मंगळवारचं काय?

रविवारी पेटलेलं मन मंगळवारी विझतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वक्ते त्यावर उपाय म्हणून पुढचं शिबिर विकतात. गॅब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ निराळं कारण सांगतात. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात त्यांना दिसलं की ज्या स्वतःच्या बारीक रूपाची गोड दिवास्वप्नं रंगवत होत्या, त्यांचं वजन कमी उतरलं. मनाने यशाची चव आधीच घेतली की अंग सैल पडतं. डोळे मिटून स्वतःचा बंगला बघा, हा सभागृहातला लाडका खेळ म्हणूनच उलटा पडू शकतो. ओटिंगन सांगतात ते असं: हवं ते बघा, आणि लगेच आड येणारं काय आहे तेही बघा.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या एका लेखात मांडलेली साधी युक्ती त्याला जोडता येते: ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवणं. माझी मावसबहीण सांगलीत घरगुती मसाले विकते. ९९ रुपयांच्या एका वेबिनारला तीही बसली होती. पुढचा कोर्स तिने घेतला नाही. पण वक्ता ओघात बोलून गेला होता की नवं गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा जुन्याला विचारणं स्वस्त पडतं. तेवढं तिने उचललं आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘दुपारी कुकर उतरला की तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन.’ गोलविट्झरचं नाव तिने ऐकलेलं नाही. कुकर रोज उतरतो, म्हणून फोनही रोज होतात. एका फोनवर एक बाई म्हणाल्या, ‘‘कांदा-लसूण मसाला चांगलाय, पण पाव किलो संपेस्तोवर वास जातो.’’ आता ती शंभर ग्रॅमची पाकिटं करते. ‘मार्केट रिसर्च’ म्हणून तासभर सांगतात ते हेच.

पाकीट काढण्याआधी

मी स्वतःसाठी काही नियम केले आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही. ऑफर उद्या खरोखर संपली तर संपू दे. किंमत ऐकली की जीएसटी आणि हप्त्याचं व्याज मिळवून आकडा वहीत लिहायचा. ४९,९९९ चे नुसत्या जीएसटीनेच ५९ हजार होतात. परताव्याची अट तोंडी नको, लेखी हवी. आणि कोर्समध्ये काय आहे त्याची यादी घेऊन, त्यातलं किती यूट्यूबवर किंवा वाचनालयात मिळतं, ते आधी पाहायचं.

कायदाही आता थोडा आपल्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटी घाई दाखवणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, दोन्ही त्यांत आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुन्हा पंधरावर येणाऱ्या घड्याळाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

शाळेत असताना एकदा मी बाजारात शेवटपर्यंत थांबलो होतो. गर्दी गेली, त्याने डब्या गोळा केल्या आणि पिशवीची सुतळी सोडली. मुंगूस बाहेर आलं, त्याच्या मांडीवर चढलं आणि अंगाचं वेटोळं करून झोपलं. त्याने टोपलीतून भाकरी काढली.

‘‘लढाई?’’ मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडला नाही. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘‘लढाई लावली, तर पुढच्या बुधवारी तू कशाला येशील, पोरा?’’